नावाची गावे आणि क्रमांकाची गावे

केंद्र सरकारच्या प्रत्येक कर्मचाऱ्याच्या सेवापुस्तिकेत एक साधीशी नोंद असते : स्वग्राम. रजा प्रवास सवलतीसाठी प्रत्येकाला आपले मूळ गाव कोणते ते घोषित करावे लागते, आणि एकदा घोषित केलेले हे गाव संपूर्ण सेवाकाळात फक्त एकदाच बदलता येते. तीस तीस वर्षे दिल्ली, कोलकाता किंवा गुवाहाटीत काढणारे आमच्यासारखे मराठी लोक या रकान्यात सातारा, अमळनेर, मालवण अशी नावे लिहून निश्चिंत होतात. परतीचे तिकीट सरकारच्या खर्चाने मिळणार असल्यामुळे बाहेर राहणे हे आपल्याला कधी निर्वाणीचे वाटत नाही. घराचा पत्ता 'सेक्टर अमुक, टाइप चार, क्वार्टर क्रमांक तमुक' असा असला तरी चालतो, कारण आपले खरे गाव दुसरीकडे सुरक्षित आहे अशी आपली समजूत असते.

पण ज्यांना असे घोषित करण्यासारखे गावच उरले नाही, त्यांचे काय होते? परक्या प्रांतात गेलेला माणूस तिथे रुजतो तो कशामुळे, आणि तितकीच जमीन, तितकेच कर्ज, तीच बैलजोडी देऊनही दुसरीकडे तो का रुजत नाही? अर्थशास्त्राचे पुस्तक या प्रश्नाला मजुरीच्या दरातील फरक असे उत्तर देते. ते उत्तर मुंबईच्या गिरणीत गेलेल्या कोकणी माणसापुरते काही अंशी खरेही आहे. परंतु भारताच्या प्रशासकीय इतिहासात एक प्रकरण असे आहे की ज्यात एकाच प्रदेशातून आलेली, बहुतांशी एकाच जातिसमूहांची, एकाच व्यवसायाची माणसे सरकारने दोन वेगवेगळ्या ठिकाणी नेऊन वसवली, आणि दोन्हीकडचे निष्पन्न अगदी भिन्न झाले. पूर्व बंगालच्या निर्वासितांची अंदमान आणि दंडकारण्य येथील वसाहत हे ते प्रकरण.

आधी पार्श्वभूमी. फाळणीनंतर पश्चिमेकडून आलेल्या लोकांच्या बाबतीत सरकारने एक गोष्ट लवकर ओळखली होती : ही माणसे परत जाणार नाहीत. पंजाबात जवळजवळ संपूर्ण लोकसंख्येची अदलाबदल झाली. तिकडे सोडून आलेल्या जमिनीचे दावे, इकडे रिकाम्या पडलेल्या जमिनीचे क्षेत्र, आणि या दोहोंचा मेळ घालण्यासाठी 'प्रमाण एकर' हे माप, असा हिशेब तरलोकसिंग या आय.सी.एस. अधिकाऱ्याने बसवला. कालव्याच्या वसाहतींत जे लोक मुळात पूर्व पंजाबातून गेले होते, त्यांना शक्यतो त्याच जिल्ह्यांत परत आणायचे, आणि जुने शेजारी शेजारीच राहतील असे पाहायचे, हे तत्त्वही त्यात होते. महसूल खात्याच्या कोरड्या कामातील शहाणपणाचा हा उत्तम नमुना म्हटला पाहिजे.

पूर्वेकडे असे काही घडले नाही. तिथे लोंढा एकदम आला नाही. तो १९४६ च्या नोआखालीपासून सुरू झाला आणि १९५०, १९६४ अशा दंगलींच्या लाटांनी येत राहिला. एप्रिल १९५० च्या नेहरू-लियाकत कराराचे गृहीतक असे होते की परिस्थिती निवळेल आणि माणसे घरी जातील. त्यामुळे मालमत्तेच्या भरपाईचा १९५४ चा कायदा झाला तो पश्चिमेकडून आलेल्यांसाठी; बंगालच्या निर्वासितांना मिळाली ती छावणी आणि मासिक अनुदान. ज्याच्याकडे शिक्षण, नातलग किंवा थोडे पैसे होते तो कोलकात्याच्या परिसरात कुठेतरी शिरला. छावण्यांत उरले ते बहुसंख्येने नमशूद्र आणि पौंड्र क्षत्रिय शेतकरी, बरिशाल, खुलना, फरीदपूर, जेसोरकडचे. नदीच्या काठी जन्मलेले, भात आणि मासळीवर जगलेले.

अंदमान म्हटले की मराठी वाचकाला सेल्युलर जेल आणि सावरकर आठवतात. १९११ ते १९२१ या काळात सावरकर तिथे होते. परंतु त्या तुरुंगाबाहेरच्या अंदमानाची कल्पना आपल्यापैकी फार थोड्यांना असते. १९४५ मध्ये जपानी अंमल संपला तेव्हा कैद्यांची वसाहतही कायमची बंद झाली. मागे उरले ते कैद्यांचे वंशज, म्हणजे तिथल्या बोलीत 'लोकल बॉर्न', जंगलकामासाठी आणलेले छोटा नागपूरचे 'रांचीवाले', १९२५ पासून आलेले ब्रह्मदेशचे करेन, आणि ज्यांची ती बेटे मुळात होती ते आदिवासी. १९५१ च्या जनगणनेत सबंध अंदमान-निकोबारची लोकसंख्या ३०,९७१ होती. ती दहा वर्षांपूर्वीपेक्षाही कमी होती. जंगल अमाप, माणूस नाही, आणि धान्य सगळे जहाजाने आणावे लागे. प्रशासनाला शेतकरी हवे होते.

मार्च १९४९ मध्ये 'महाराजा' या जहाजातून पहिली निर्वासित कुटुंबे पोर्ट ब्लेअरला उतरली. (या शहराचे नाव २०२४ पासून श्रीविजयपुरम झाले आहे, पण ती माणसे उतरली ती पोर्ट ब्लेअरलाच.) बंगालचे मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र रॉय या योजनेच्या बाजूने होते, तर निर्वासितांच्या डाव्या संघटना कडाडून विरोधात. बंगाली माणसाला काळ्या पाण्यावर पाठवता, हा त्यांचा सवाल होता, आणि फाशीच्या शिक्षेखालोखाल ज्या शब्दाची धास्ती दीड पिढी बाळगली गेली तो शब्द ऐकून कित्येकांचे पाय गोदीतच अडखळले असतील तर नवल नाही. तरीही काही हजार कुटुंबे पुढच्या दशकात गेली. प्रत्येकी सुमारे दहा एकर जमीन मिळाली : पाच एकर सपाट, भाताची, पाच एकर चढाची, घरासाठी आणि बागेसाठी. वनखात्याने हत्ती लावून मोठी झाडे ओढून काढली, बाकीचे रान या लोकांनी स्वतः तोडले. हिवताप होता, जळवा होत्या, पहिली एकदोन पिके वाया गेली. १९६१ ची जनगणना झाली तेव्हा लोकसंख्या ६३,५४८ झाली होती. २०११ मध्ये ती ३,८०,५८१ होती आणि बेटांवर सर्वांत जास्त लोकांची मातृभाषा बंगाली होती.

नकाशा उघडून उत्तर अंदमानातील दिगलीपूरभोवतीची गावे पाहावीत : कालीघाट, दुर्गापूर, सुभाषग्राम, सीतानगर. हॅवलॉक बेटावर गोविंदनगर, राधानगर, श्यामनगर, कृष्णनगर. नील बेटावर सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर, रामनगर. एका बेटावर कृष्णचरित्र, दुसऱ्यावर रामायण! पर्यटक आज राधानगरच्या किनाऱ्यावर छायाचित्रे काढतात त्यांना ठाऊक नसते की हे नाव एका विस्थापितांच्या वसाहतीचे आहे. (२०१८ मध्ये या दोन बेटांची नावे स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप अशी झाली, गावांची नावे तीच राहिली.)

आता दुसरी बाजू. १९५७-५८ पर्यंत पश्चिम बंगालच्या छावण्या तुडुंब भरल्या होत्या आणि राज्याने हात टेकले होते. सप्टेंबर १९५८ मध्ये केंद्राने दंडकारण्य विकास प्राधिकरण स्थापन केले. क्षेत्र त्या वेळच्या मध्य प्रदेशातील बस्तर आणि ओरिसातील कोरापुट व कलाहंडी. रामाच्या वनवासाचे नाव योजनेला देण्याची कल्पना ज्या कोणाची असेल त्याला साहित्याची जाण असावी, मानसशास्त्राची नसावी. त्याच सुमारास छावण्या बंद करण्याचा निर्णय झाला. निर्वासितांना पर्याय दिला गेला तो असा : दंडकारण्यात जा, अथवा सहा महिन्यांचे अनुदान एकरकमी घ्या आणि छावणी सोडा. याविरुद्ध १९५८ मध्ये कोलकात्यात सत्याग्रह झाले. प्रशासनाच्या भाषेत यालाही 'विकल्प' म्हणतात.

कागदावर योजना अंदमानच्या योजनेहून कितीतरी भव्य होती. स्वतंत्र प्राधिकरण, यंत्रांनी जंगलसफाई, रस्ते, दवाखाने, भास्कल आणि सतिगुडा यांसारखी धरणे. प्रत्येक शेतकरी कुटुंबाला साधारण साडेसहा-सात एकर. मोकळ्या केलेल्या जमिनीपैकी २५ टक्के स्थानिक आदिवासींसाठी राज्य सरकारांकडे सुपूर्द करायची, अशीही अट होती. म्हणजे न्यायाचा विचार झालाच नव्हता असे म्हणता येणार नाही. चार विभाग ठरले : फरसगाव, उमरकोट-रायघर, परलकोट आणि मलकानगिरी. रायपूरजवळच्या माना छावणीत माणसे उतरवायची, तिथून रस्त्याच्या कामावर काही महिने, कधी काही वर्षे, आणि मग ट्रकने गावात.

आणि त्या गावांना क्रमांक दिले. मलकानगिरीत एम.व्ही.-१, एम.व्ही.-२, आणि असेच पुढे शंभरच्या घरात, परलकोटला पी.व्ही. 'व्ही' म्हणजे व्हिलेज. अभियंत्याने आराखड्यात जे लिहिले तेच पाटीवर आले, आणि तेच आजही मोटारींच्या पाट्यांवर, शाळांच्या दाखल्यांवर आणि मतदारयाद्यांत आहे.

नावावरून इतके सांगणे भाबडेपणाचे वाटेल. नाव दिले असते म्हणून खडकाळ जमिनीत भात पिकला नसता, हे मलाही मान्य आहे. खरा घोटाळा जमिनीचाच होता. १९६३-६४ मध्ये प्राधिकरणाचे अध्यक्ष असलेले शैबाल कुमार गुप्त हे आय.सी.एस. अधिकारी, काही महिन्यांतच ते पायउतार झाले आणि जानेवारी १९६५ मध्ये त्यांनी 'इकॉनॉमिक वीकली' या साप्ताहिकात दंडकारण्यावर लेखमाला लिहिली. आपल्या सेवेतील माणसाने आपल्याच खात्याबद्दल इतके स्पष्ट लिहिल्याची उदाहरणे फार नाहीत. सांगितले ते साधे होते : जमीन वाटण्यापूर्वी मातीची आणि ओलाव्याची तपासणी नीट झाली नाही; अनेक गावांत पाणी धरून न ठेवणारी हलकी, उतरती जमीन दिली गेली; तिच्यावर एका कुटुंबाचे पोट भरणे अशक्य होते. फरसगाव सर्वांत वाईट. खाडीच्या गाळात वाढलेल्या शेतकऱ्याला लाल माळावर उभे केले आणि पीक आले नाही तेव्हा तो आळशी आहे असा शेरा फायलीत पडला. मी या प्रकारचे शेरे पुष्कळ वाचले आहेत. अनुदानाने माणूस ऐदी होतो हे आमच्या खात्यांतील आवडते तत्त्वज्ञान. पण दहा वर्षे छावणीत ठेवून त्याला काम करण्यास बंदी कोणी केली होती, हे फाईल सांगत नाही.

पण जमीन हे पूर्ण उत्तर नाही. परलकोटची आणि मलकानगिरीची माती फरसगावापेक्षा बरी होती, तरी तिथूनही माणसे गेली. अंदमानात भाषेचा प्रश्न नव्हता, कारण तिथे कोणाचीच भाषा यजमानाची नव्हती. रांचीवाला, मोपला, तमीळ, बंगाली सगळेच पाहुणे, आणि बाजारात सगळ्यांची मोडकीतोडकी हिंदी. दंडकारण्यात राज्य दुसऱ्या भाषेचे होते. जमीन केंद्राच्या प्राधिकरणाने दिली तरी पट्टा, तलाठी, शाळा आणि पोलीस ओरिसाचे किंवा मध्य प्रदेशाचे. आणि ही माणसे आमच्या डोक्यावर का, हा त्या राज्यांचा अगदीच गैरवाजवी नसलेला प्रश्न. शेजारच्या पाड्यावरील कोया आणि गोंड आदिवासींना तर कोणी काही विचारलेच नव्हते. जे रान त्यांनी सरकारचे म्हणून कधी ओळखले नव्हते, त्यात रातोरात कौलारू घरांची रांग उभी राहिली.

जातीची गोष्ट आणखी वेगळी. संविधानाच्या ३४१ व्या अनुच्छेदानुसार अनुसूचित जातींची यादी राज्यनिहाय असते. पश्चिम बंगालात जो नमशूद्र अनुसूचित जातीचा, तोच बस्तरमध्ये उतरला की यादीबाहेर. आपल्या महाराष्ट्रातही हेच झाले. चंद्रपूर जिल्ह्याच्या ज्या भागाचा १९८२ मध्ये गडचिरोली जिल्हा झाला, तिथे मुलचेरा आणि चामोर्शी परिसरात साठीच्या दशकापासून बंगाली निर्वासितांची गावे आहेत. जातीचा दाखला आणि बंगाली शिक्षण या त्यांच्या मागण्या अर्ध्या शतकाहून जुन्या आहेत. नागपूर-पुण्याच्या मराठी माणसाला ही गावे आहेत हेच माहीत नसते. सरकारनेच उचलून राज्याची सीमा ओलांडायला लावलेल्या माणसाची जात सीमेवर उतरवून ठेवावी लागते, ही गोष्ट नियमाला धरून आहे, हे मी नाकारत नाही.

आणि तिसरी गोष्ट परतीच्या वाटेची. पोर्ट ब्लेअरहून कोलकाता समुद्रमार्गे तीन-चार दिवसांवर, जहाज महिन्यातून मोजके वेळा. दंडकारण्यातून रायपूर गाठले की हावड्याची गाडी. जिथून परतणे स्वस्त असते तिथे माणूस पेट्या पूर्ण उघडत नाही. यात अंदमानच्या योजनेची हुशारी काही नव्हती, भूगोल होता.

१९७७ च्या जूनमध्ये पश्चिम बंगालात डाव्या आघाडीचे सरकार आले. निर्वासितांना बंगालमध्येच वसवा, अशी मागणी हेच पक्ष वीस वर्षे करीत आले होते. ते दंडकारण्यातील लोकांनी अक्षरशः खरे मानले. १९७८ च्या सुरुवातीला गुरेढोरे, भांडीकुंडी, पत्रे विकून कुटुंबेच्या कुटुंबे निघाली. निघालेल्यांची संख्या लाखाच्या घरात गेल्याचे सांगितले जाते. बहुतेकांना वाटेत अडवून परत पाठवण्यात आले. हजारो लोक मात्र सुंदरबनातील मरीचझाँपी या बेटावर पोचले. तिथे त्यांनी सरकारकडे काहीही मागितले नाही. बांध घातले, मत्स्यतळी खणली, शाळा आणि दवाखाना काढला, बिड्या वळल्या, नावा बांधल्या. 'ऐदी' असा ज्यांच्यावर शेरा होता तीच ही माणसे. बेट राखीव वनक्षेत्रात होते, या कारणाने जानेवारी १९७९ मध्ये त्याची नाकेबंदी झाली. ३१ जानेवारीला गोळीबार झाला. मे महिन्यात झोपड्या जाळून बेट रिकामे करण्यात आले. गोळीबारात सरकारी आकड्यानुसार दोघे मेले. उपासमार, रोग आणि गोळ्या मिळून मृतांचा आकडा शेकड्यांनी होता असे वाचलेले लोक सांगतात. त्याहून मोठे अंदाजही आहेत. न्यायालयीन चौकशी झाली नाही. अमिताव घोष यांच्या २००४ मधील 'द हंग्री टाइड' या कादंबरीमुळे हे नाव बंगालबाहेर पोचले. त्याआधीची पंचवीस वर्षे ते बहुधा फायलींतच होते.

उरलेल्यांना पुन्हा गाड्यांत घालून दंडकारण्यात परत नेले. म्हणजे १९४९ च्या सुमारास अंदमानविरुद्ध ज्यांनी 'काळे पाणी' म्हणून रान उठवले, त्यांच्याच राजवटीत बंगालच्या पाण्यातून माणसांना हुसकून कोरड्या माळावर पोचवले गेले. राजकारणात असे होत असते. त्याचा आणखी विस्तार करीत नाही.

अंदमानचे यश मात्र निर्भेळ म्हणता येत नाही, आणि ते सांगितले नाही तर हा लेख अर्धवट राहील. 'रिकाम्या' बेटांवर जारवा आणि ओंगी होते. दक्षिण आणि मध्य अंदमानात भाताची खाचरे जसजशी पुढे सरकली तसतसा जारवांचा वावर आक्रसत गेला, आणि दोन्हीकडची माणसे बाणांनी आणि बंदुकांनी मेली. १९५६ चा आदिवासी संरक्षण विनियम आला, राखीव क्षेत्र ठरले; तरी त्यातूनच पुढे अंदमानचा मुख्य रस्ता गेला, जो काही भागात बंद करण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा २००२ चा आदेश आजवर पुरतेपणी अमलात आलेला नाही. साठीच्या दशकाच्या अखेरीपासून लिटल अंदमानमध्येही निर्वासित वसवले. तिथले ओंगी आज शंभर-सव्वाशेच्या आसपास आहेत. एकाला घर देताना दुसऱ्याचे घर मोजलेच गेले नाही. दंडकारण्यातील आदिवासींना निदान निवेदन देता येत होते.

डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत दक्षिण अंदमानची जमीन खचली आणि सिप्पीघाट परिसरातील भाताची खाचरे खाऱ्या पाण्याखाली गेली, ती कायमची. बंगालकडे परतीची लाट मात्र उठली नाही. आपण कुठले हा प्रश्न त्यांच्यापुरता तोवर सुटलेला होता.

आणि दंडकारण्य? इथे माझ्या मांडणीला थोडा तडा जातो. जे राहिले किंवा परत आणले गेले, त्यांच्या मुलांनी आणि नातवांनी ती जमीन वठणीवर आणली. परलकोट विभागातील पखांजूर आज छत्तीसगडमध्ये मत्स्यबीजासाठी आणि मक्यासाठी नाव मिळवून आहे. त्या माळावर तळी खणून मासा वाढवावा, हे प्राधिकरणाच्या कोणत्याही तज्ज्ञापेक्षा बरिशालच्या शेतकऱ्याला आधी कळले. पोटेरू योजनेचे पाणी मलकानगिरीत आले तेव्हा तिथे दुबार भात होऊ लागला. दुर्गापूजा होते, बंगाली जात्रा होतात, मुले ओडिया माध्यमात शिकतात. जमिनीवरून आदिवासी शेजाऱ्यांशी तणाव अधूनमधून उफाळतो. नागरिकत्वाच्या कागदांची धास्ती २००३ च्या दुरुस्तीपासून होती. २०१९ चा कायदा आणि त्याचे मार्च २०२४ मधील नियम यांमुळे ती किती कमी झाली, हे प्रत्येक कुटुंबाकडे कोणता कागद जपला गेला आहे त्यावर अवलंबून राहणार.

काही वर्षांपूर्वी कामानिमित्त मलकानगिरीच्या बाजूला जाणे झाले. रस्त्याकडेच्या चहाच्या टपरीवर एक वृद्ध गृहस्थ बसले होते. शेजारी त्यांचा नातू, कॉलेजच्या वयाचा. आपले गाव कुठले, असे मी वृद्धांना विचारले. ते म्हणाले, बरिशाल. आणि नदीचे नाव, घाटाचे नाव, शाळेच्या मास्तरांचे नावही त्यांनी सांगितले. मग नातवाला विचारले. त्याला प्रश्नच विचित्र वाटला असावा. पलीकडच्या पाटीकडे बोट दाखवून तो म्हणाला, एम.व्ही. एक्केचाळीस, आणि त्याने तो आकडा ज्या सुरात उच्चारला, त्याच सुरात मी माझ्या सेवापुस्तिकेतील गावाचे नाव उच्चारतो.